फळ्यावरचा वारा

एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
कुडाळ–वेंगुर्ला, कुडाळ–निवती, शेवटी वस्तीची गाडी.
निवृत्त होऊन बंदरावर आलो
तेव्हा सोसायटीच्या चेअरमनने विचारलं,
'होडयेर येशात?'
म्हटलं, घाटातली गाडी कधी लागली नाही,
पण होडी लागते.
गाबतांच्या घरात जन्मून असं म्हणणारा
मी निवतीत एकटाच असेन.
सगुण मेतर तर वाळूत खाली बसून हसला.

मग मला मिळाली
कुणालाच नको असलेली कामं.
सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या.
डिझेलच्या कोट्याचं रजिस्टर.
वार्षिक सभेसाठी शाळेतून खुर्च्या आणायच्या,
दुसऱ्या दिवशी एक कमी भरते
ती गावभर शोधायची.
माठ भरायचा.
आणि रोज पहाटे चारला
पत्र्याच्या शेडबाहेरच्या फळ्यावर
वारा लिहायचा.

वारा वायव्येचा. वेग इतका.
लाटा इतक्या मीटर. भरती इतक्या वाजता.
पहिल्या वर्षी मी अक्षर कोरून काढायचो,
'भ'ची गाठ सुद्धा.
मग लक्षात आलं, कोणी वाचत नाही.
ज्याच्या त्याच्या खिशात फोन, फोनात उपग्रह.
फळ्याखाली कुत्रं झोपतं,
आणि शाळेत जाता जाता एक पोरगं
लाटांच्या शून्याला डोळे काढतं.

बायको म्हणाली, ना पगार ना मान,
त्यापेक्षा परसात चवळी घाला.
चवळी घातली.
तिला पाणी आठला दिलं तरी चालतं.

शेडमध्ये एकटा स्थळप्रती लावत बसलो
की कधीकधी वाटायचं,
तिकीट फाडताना निदान
माणूस कुठे उतरणार ते माहीत असायचं.

मार्गशीर्षात ताप आला.
दोन दिवस अंथरूण सोडलं नाही.
तिसऱ्या दिवशी सातला, भिंत धरत धरत गेलो.
संध्याकाळी पुसून ठेवायची माझी सवय,
तसाच फळा, काळा, कोरा.
समोर बास्त्यांव फर्नांडिसची होडी वाळूवर,
जाळं कोरडं.

'इंजिन बिघडलं काय रे?'
'नाय. फळो कोरो होतो. म्हणान गेलंय नाय.'
'फोन होता ना खिशात?'
त्याने फोन काढून बघितला,
जणू आत्ताच आठवला.
'फोनार सगळ्या मुलखाचो वारो येता,' तो म्हणाला,
'फळ्यार आपलो.'

आता खरं सांगायचं तर
मी फोनवरूनच उतरवायचो.
हे त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र
आकडे लिहिण्याआधी धक्क्याच्या टोकाला जातो.
बोट तोंडात घालून वर धरतो.
दीपगृहाच्या बाजूला उजेड फिरतो तेवढ्यात
पाण्याचा रंग बघून घेतो,
ओहोटीला खडक किती उघडे पडलेत ते मोजतो.
आणि आकड्यांखाली एक ओळ जास्त लिहितो.
'खडकाजवळ उसळी आहे, बाहेरून जावे.'
'झार आली आहे, जाळी सांभाळा.'
एकदा नुसतंच, 'आज बरं आहे.'
त्यावर सगुण म्हणाला, हवामान खात्यात तुमका कोण घेतलो?

रापण ओढताना
मागे बसून ओला दोर गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्यालाही
वाटा काढून ठेवतात.
परवा शेडच्या कडीला पिशवी होती,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बांगडे.
कोणी अडकवली, माहीत नाही.
पावती कोणाच्या नावाने फाडायची?
बायकोने न बोलता तिरफळं कुटली.

खडू संपलेत.
खर्चाची मंजुरी मासिक सभेत, विषय क्रमांक सात,
आणि सभा पाचपर्यंत कधी पोचत नाही.
शाळेच्या बाईंकडून दोन तुकडे आणलेत,
एक पांढरा, एक गुलाबी.
गुलाबीने भरती लिहितो.
पुरवून पुरवून.